ट्रॅकसाठी गाडी खाली केल्यावर पुढून पुन्हा पुन्हा येणारा ‘खट्’ आवाज : माउंट बदलण्याआधी ट्रॅव्हल मोजा

लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग) टाकल्यावर हजार-दीड हजार किलोमीटर गाडी छान चालते. मग एके दिवशी सोसायटीच्या गेटातून बाहेर पडताना, चाक स्पीड ब्रेकरवरून उतरता उतरता, पुढून ‘खट्’ असा एकच कोरडा आवाज येतो. आठवड्याभरात तो रोजचा होतो. गॅरेजात स्ट्रट माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीला जोडणारा रबरी आधार) बदलून मिळतं, आवाज जातो आणि दोन महिन्यांनी पुन्हा हजर होतो.

माझ्या गाडीचं हे चौदा महिने चाललं. तेवढ्या काळात पुढची माउंट तीनदा बदलली, लिंक रॉडची (अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचा कल रोखणारा दांडा, चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या काड्यांची) जोडी दोनदा बदलली आणि डावा शॉकअप तेल गाळायला लागला म्हणून तोही नवा घातला. बदललेला प्रत्येक भाग खरंच खराब झालेला होता, मिस्त्रींनी एकदाही खोटं सांगितलं नाही. पण ते भाग इतक्या लवकर का मरतायत, हे आम्ही दोघांनीही बघितलं नव्हतं. ज्यांच्याकडे हीच तक्रार आहे त्यांचे पैसे आणि रविवार वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. वजन ११०० किलो, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात), मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारी, पिळ घेणारी तुळई), म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची असते तीच रचना. मी पुण्यात राहते. रोज ऑफिसला हीच गाडी नेते आणि वर्षातून दोन-तीनदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) हीच घेऊन जाते. ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे, पण तिथे पोहोचायला सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, सेलम असे बाराशेच्या आसपास किलोमीटर पडतात. त्यात साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतची डायव्हर्शन्स आणि अर्धवट उड्डाणपुलांखालचे सर्व्हिस रोड आले. तेव्हा ‘रस्त्यावरही चालली पाहिजे’ ही माझ्यासाठी सोय नाही, पहिली अट आहे. गाडी ट्रेलरवर जात नाही, आणि ट्रॅकवर जे लावलंय तेच घेऊन घरी यायचं असतं.

दुसरी एक तक्रार होती, तिचा या आवाजाशी संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नाही. लांब उजव्या वळणात गाडी सुरुवातीला छान वळायची आणि वळणाच्या मध्यावर अचानक नाक बाहेर टाकायची. हळूहळू सरकली असती तर टायर दमला असं म्हटलं असतं. ही एका क्षणात सुटायची, जणू पुढच्या डाव्या चाकाखालची पकड कुणी काढून घेतली. मी टायरला दोष दिला, हवेचा दाब बदलून पाहिला, मागे जाड अँटी-रोल बार टाकायचाही विचार केला.

गाठ सुटली ती तिसऱ्यांदा माउंट उघडलं तेव्हा. मिस्त्रीकाकांनी जुनं माउंट हातात दिलं आणि म्हणाले, “ताई, हे बघा, रबर पत्र्यापासून सुटलंय. असं झिजून होत नाही, आपटून होतं.” स्ट्रट व्हाइसमध्ये धरलेला होता. धुळीचं बूट वर सरकवलं, तर आतल्या बंप स्टॉपचं, म्हणजे गॅरेजात ज्याला नुसतं स्टॉपर म्हणतात त्या पिवळट रबराचं, खालचं तोंड घोटून घोटून काचेसारखं चकचकीत झालेलं. त्यावर शॉकअपच्या टोपीची गोल कड स्पष्ट उमटली होती. स्टॉपर हा कधीतरी, मोठ्या खड्ड्यात, शेवटचा उपाय म्हणून लागायचा भाग. माझ्या गाडीत तो रोजचा स्प्रिंग झाला होता.

मोजायचं कसं

यासाठी एक केबल टाय, एक स्टीलची पट्टी आणि टॉर्च पुरते. गाडी सपाट जागेवर उभी करा, जॅकवर नको, चारही चाकांवर हवी. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकाच्या मागून हात आत जातो. धुळीचं बूट वर सरकवा. शॉकअपचा चकचकीत रॉड दिसेल. त्याच्या खाली शॉकअपच्या नळीचं तोंड आणि वर स्टॉपरचं खालचं तोंड असतं. या दोन तोंडांमधलं अंतर म्हणजे तुमच्याकडे उरलेलं मोकळं ट्रॅव्हल, स्टॉपर लागेपर्यंत शॉकअपला दबायला असलेली जागा.

मूळ स्प्रिंगवर माझ्या गाडीत हे अंतर ६२ मिमी होतं. स्प्रिंगच्या डब्यावर ४० मिमी लिहिलं होतं, पण हबच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत मोजल्यावर गाडी प्रत्यक्षात ४३ मिमी खाली गेली होती. (जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवेमुळे आकडा फसवतो.) ६२ वजा ४३, उरले १९. दोन बोटांच्या रुंदीपेक्षाही कमी.

आता केबल टाय रॉडभोवती गुंडाळा, सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत आवळा, आणि खाली नळीच्या तोंडावर टेकवा. शेपूट कापून टाका, नाहीतर बुटात अडकतं. बूट खाली घेऊन नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा. शॉकअप दाबला गेला की नळी टायला वर ढकलते, आणि सुटल्यावर टाय तिथेच राहतो. गाडी थांबल्यावर नळी आणि टाय यांच्यातलं अंतर मोजलं की त्या फेरीत जास्तीत जास्त किती ट्रॅव्हल वापरलं गेलं ते कळतं. माझा टाय दूध आणायला जाऊन आल्यावर मोजला. दीड किलोमीटर, चार स्पीड ब्रेकर. टाय स्टॉपरच्या तोंडात रुतून बसला होता, नखाने उकरून काढावा लागला.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी-९९ या संहितेप्रमाणे ताशी २५ किलोमीटरने ओलांडायचा गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. असा उतरता असेल तर चाकाला वर जायला वेळ मिळतो. गल्लीतले बहुतेक ब्रेकर तेवढेच उंच आणि हातभर रुंद असतात. १९ मिमीची शिल्लक घेऊन त्यावर गेलं की स्टॉपर लागणारच.

ट्रॅकवर नाक का सुटत होतं

इथे थोडा हिशेब करू, कारण स्प्रिंग निवडताना पुढे तोच लागतो. गाडी आणि ड्रायव्हर मिळून ११७५ किलो धरू. पुढच्या चाकांवर त्यातला साधारण ६२ टक्के भार असतो. चाक, हब, ब्रेक यांचं वजन वजा केलं की पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर अंदाजे ३२० किलो येतात. चांगल्या रोड टायरवर जोरात वळताना बाहेरच्या पुढच्या चाकाकडे जो जादा भार सरकतो, त्यातला काही अँटी-रोल बार उचलतो, काही लोअर आर्मच्या (चाक खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) भूमितीतून जातो. स्प्रिंगच्या वाट्याला माझ्या गाडीत मोठ्या अदमासाने १२० किलो येतात.

मूळ स्प्रिंग २.२ किलो/मिमी होती, म्हणजे एक मिमी दबायला २.२ किलो लागायचे. १२० किलोंना ती सुमारे ५५ मिमी दबणार. ६२ मिमीच्या आत बसलं. लोअरिंग स्प्रिंग २.९ ची होती, ती ४१ मिमी दबणार. पण जागा आहे १९ मिमी. म्हणजे वळणाच्या निम्म्यातच गाडी स्टॉपरवर टेकली. स्टॉपर सुरुवातीला मऊ लागतो, पण दबत गेला की त्याचा कडकपणा स्प्रिंगच्या कितीतरी पट होतो. पुढची बाजू एका क्षणात दगड होते, वळणातल्या भारबदलाचा मोठा वाटा मागच्या चाकांवरून उचलून पुढच्या बाहेरच्या टायरवर येतो आणि टायर हात टेकतो. हेच ते अचानक सुटणारं नाक. घराजवळचा ‘खट्’ आणि कोइमतूरचा अंडरस्टिअर (नाक बाहेर जाणं), दोन्हींचं मूळ एकाच १९ मिमीत होतं.

गाडी खाली करणाऱ्यांच्या मनात एक पक्कं समीकरण असतं: खाली म्हणजे वळणात स्थिर. गुरुत्वमध्य खाली गेल्याचा फायदा होतो, हे खरंच आहे. पण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये त्याची किंमत लोअर आर्म चुकवतो. गाडीखाली वाकून बघा: मूळ उंचीला लोअर आर्मचं चाकाकडचं टोक, म्हणजे बॉल जॉइंट, गाडीकडच्या बुशपेक्षा (रबरी सांध्यापेक्षा) खाली किंवा समपातळीत असतं. गाडी फार खाली केली की बॉल जॉइंट वर जातो आणि आर्म उलटा तिरपा होतो. मग रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त वेगाने खाली घसरतो, त्या दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडी वळणात उलट जास्त कलू पाहते. शिवाय तिथून पुढे चाक वर गेलं तरी निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या बाजूचा आत झुकलेला कोन) वाढत नाही, कमीच होत जातो, आणि टायर बाहेरच्या खांद्यावर चालतो. माझ्या ट्रॅक टायरची बाहेरची कड आणि बाजूवरचा छोटा त्रिकोण दोन्ही खरवडले गेले होते ते यामुळेच.

आधी आवाज नक्की कुठला ते ठरवा

ट्रॅव्हल संपल्याचा आवाज एकटाच असतो असं नाही. त्यामुळे सुटे भाग मागवण्याआधी तासभर खर्च करा. मोठ्या ब्रेकरवर किंवा खड्ड्यातच ‘धप्’ किंवा ‘खट्’ होत असेल आणि बारीक खडबडीत रस्त्यावर शांतता असेल, तर स्टॉपर. उलट, ताशी दहाच्या वेगाने पेव्हर ब्लॉकवरून जाताना ‘टकटकटक’ असेल तर लिंक रॉड किंवा स्ट्रटचा वरचा सेंटर नट. लिंक रॉड ओळखायला एकाने गाडी बाजूने हलवावी आणि दुसऱ्याने रॉडच्या बॉलवर बोटं ठेवावीत, ढिला बॉल बोटांना कळतो. गाडी खाली गेली की अँटी-रोल बारचा कोन बदलतो, मूळ लांबीचा लिंक रॉड आपल्या बॉलच्या शेवटच्या टोकाला अडकून काम करतो आणि लवकर मरतो. माझ्या दोन जोड्या अशाच गेल्या. कमी लांबीचा किंवा लांबी जुळवता येणारा रॉड घातला की हे थांबतं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टणं’ असा तार तुटल्यासारखा आवाज आला, तर वरचं बेअरिंग अडकलंय. माझा भाचा स्टिअरिंग फिरवत होता आणि मी स्प्रिंगवर तळहात ठेवला होता. स्प्रिंग आधी पीळ धरून राहते आणि मग एकदम सुटते, ते हाताला जसं कळतं तसं कानाला कळत नाही. बोटं मात्र स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये घालू नका.

ब्रेक लावताक्षणी किंवा रिव्हर्समधून पहिल्यात टाकून निघताना एकदाच खट् होत असेल, तर लोअर आर्मचा मागचा बुश बघा. या बुशबद्दल एक गोष्ट पोटतिडकीने सांगावीशी वाटते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले जातात, हे मी तीन वेगवेगळ्या गॅरेजांत पाहिलंय. त्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर येताच ते पिळलं जातं आणि उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी नुसते हाताला लागेपर्यंत लावा, गाडी चाकांवर घ्या (रॅम्प किंवा चाकाखाली लाकडी ठोकळे), दोनदा खाली-वर दाबून बसू द्या आणि मगच टॉर्क पान्याने पूर्ण आवळा. उंची बदललीत की हे पुन्हा करा. यात पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

मी काय बदललं

पहिला मोह असतो स्टॉपर कापण्याचा. अर्धा कापला की ट्रॅव्हल वाढतं. पण स्टॉपर शॉकअपच्या आतल्या झडपांना, टायरला आणि चाकावरच्या आर्चला वाचवत असतो. माझा गळलेला शॉकअप याच उद्योगाचं फळ होतं. स्टॉपर कापायचाच असेल तर आधी स्प्रिंग काढून, नुसत्या शॉकअपवर चाक जॅकने पूर्ण वर घेऊन, टायर कुठे लागतो आणि शॉकअप तळाला कधी जातो हे बघावं लागतं. ते न बघता ब्लेड चालवू नका.

मी उंची जुळवता येणारे कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेलं किट) घेतले. यात दोन प्रकार असतात आणि विकणारे फरक सांगतीलच असं नाही. एका प्रकारात फक्त स्प्रिंगची खालची थाळी आट्यांवर खाली-वर होते. थाळी खाली केली की गाडी खाली जाते आणि तेवढंच ट्रॅव्हल खाल्लं जातं, म्हणजे रोग तोच, औषध महाग. दुसऱ्या प्रकारात शॉकअपच्या नळीची लांबीच खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर कमी-जास्त होते. गाडी खाली गेली तरी रॉड आणि स्टॉपर यांचं नातं तसंच राहतं. ट्रॅक आणि रस्ता दोन्हींसाठी घेत असाल तर दुसराच घ्या, बजेट पुरत नसेल तर थांबा. या प्रकारातही शेवटी टायर आर्चला लागण्याची हद्द येतेच, त्यामुळे स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर घेण्याची तपासणी इथेही चुकवायची नाही.

स्प्रिंग ५ किलो/मिमीच्या घेतल्या. १२० किलोंना २४ मिमी. ३२० किलोंवर कंपनसंख्या (स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा खाली-वर होईल तो आकडा) काढली तर मूळ २.२ ची सेकंदाला सुमारे १.३, लोअरिंग स्प्रिंगची १.५ आणि या ५ ची जवळपास २ येते. घरच्या गाड्या साधारण १ ते १.५ मध्ये असतात, २ म्हणजे रोजच्या वापरासाठी माझ्या मते वरची हद्द. किटबरोबर ८ किलोच्या स्प्रिंगही मिळत होत्या. मित्रांनी त्याच सुचवल्या, कारण ट्रॅकवर त्या वेगवान वाटतात. सेलमपर्यंत त्यांवर बसून जाऊन दुसऱ्या दिवशी ताजी मान घेऊन गाडी चालवता येणार नाही, म्हणून मी नाही म्हटलं. मागची बाजू किंचित जास्त कंपनसंख्येची ठेवली, म्हणजे उंचवट्यावर आधी पुढचं आणि मग मागचं उसळून गाडी झोके खात नाही. १९३० च्या दशकात सस्पेन्शनचे अभियंते मॉरिस ओली यांनी हे मांडलं, आणि हायवेवरच्या उड्डाणपुलांच्या जोडांवर ते आजही दर किलोमीटरला जाणवतं.

उंची ४३ ऐवजी मूळपेक्षा फक्त २० मिमी खाली ठेवली. लोअर आर्म जवळजवळ आडवा राहिला. मोकळं ट्रॅव्हल ४८ मिमी मिळालं. चाक आणि फेंडर यांच्यातली फट आता दिसते, पार्किंगमध्ये कुणी मान वळवून बघत नाही, आणि गाडी आधीपेक्षा कितीतरी चांगली वळते.

मग नवाच आवाज आला

किट बसवून पहिल्याच दिवशी पुन्हा ‘टिक्’. माझे हातपाय गळाले. पण हा आवाज वेगळा होता: ब्रेकरवर चढताना नाही, उतरताना, चाक खाली सुटून परत टेकताना. कागदावर बसले तर उत्तर दोन ओळींत निघालं. ३२० भागिले ५ म्हणजे उभ्या गाडीत स्प्रिंग ६४ मिमी दबलेली. शॉकअपचा रॉड मात्र उभ्या स्थितीपासून ७५ मिमी बाहेर येऊ शकतो. चाक पूर्ण लोंबलं की शेवटचे ११ मिमी स्प्रिंग मोकळीच, थाळीवर नुसती टेकलेलीसुद्धा नाही. चाक परत टेकलं की ती थाळीवर बसताना ‘टिक्’ करते, आणि कधी तिरकी बसली तर पुढचा धोका वेगळा.

स्प्रिंग जितकी कडक तितकी ती कमी दबते, म्हणून ही अडचण कडक स्प्रिंगवाल्यांना हमखास येते. दोन उपाय आहेत. थाळी ११-१२ मिमी वर घेऊन स्प्रिंगची मोकळीक काढायची आणि उंची खालच्या ब्रॅकेटमधून परत जुळवायची, किंवा मुख्य स्प्रिंगखाली पातळ पट्टीची हेल्पर स्प्रिंग घालायची, जी गाडीच्या वजनाने पूर्ण चपटी होते आणि चाक लोंबल्यावर फक्त जागा धरून ठेवते. मी आधी थाळीचा उपाय केला, तोच पुरला. थाळीचं काम करताना चाक लोंबतं ठेवा आणि गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. आणि मूळ स्ट्रट उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरच्या सेंटर नटला हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग माणसाचा जबडा मोडते. तो नट इम्पॅक्ट गनने आवळला तर रॉडही त्याच्याबरोबर फिरतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो पण होत नाही, आणि आठवड्यात टकटक सुरू. रॉड आतून अ‍ॅलन की ने धरा आणि पान्याने हाताने आवळा.

अलाइनमेंट आणि क्लिक

उंची बदलली की टो (वरून बघितल्यावर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतो, हे गृहीतच धरा. लोअरिंग स्प्रिंगनंतर मी अलाइनमेंट महिनाभर पुढे ढकललं होतं, तेवढ्यात टायरच्या आतल्या कडा गेल्या. लोक कॅम्बरला शिव्या देतात, पण रस्त्यावर आतली कड खाण्यात मोठा हात टो-आउटचा, म्हणजे टोकं बाहेर वळलेली असण्याचा, असतो. आता पुढे टो शून्य आणि कॅम्बर प्लेटवर उणे १.८ अंश ठेवलाय. ट्रॅकसाठी अडीच जास्त आवडला असता, पण रोज ऑफिसला जायचंय. बाहेरचा खांदा वाचला आणि आतली कडही समान झिजते आहे, एवढ्यावर मी समाधानी आहे.

माझ्या शॉकअपचा कडकपणा नॉबने बदलतो, त्याला २४ क्लिक आहेत. मोजताना नेहमी पूर्ण कडक करून तिथून उलटे मोजा, आणि वहीत लिहा. रस्त्यावर १५ उघडे, ट्रॅकवर ९. एकच नॉब असलेल्या बहुतेक किटमध्ये तो मुख्यतः रिबाउंड, म्हणजे शॉकअप उलगडण्याचा वेग, बदलतो. एकदा ट्रॅकवरून परतताना नॉब सैल करायची विसरले. कराडच्या पुढे खडीच्या डायव्हर्शनवर लागोपाठ खड्डे आले, तेव्हा गाडी दर खड्ड्याला थोडी खाली बसत गेली आणि पाचव्या-सहाव्या खड्ड्यात स्टॉपरवर धप्. रिबाउंड इतकं कडक होतं की पुढचा खड्डा येईपर्यंत चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नव्हता. तेव्हा ‘आपटतेय म्हणून अजून कडक करा’ हा सल्ला कुणी दिला तर आधी दोन क्लिक सैल करून बघा.

पावसाळ्याचं एक सांगते, कारण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कुणाचं किट एका मोसमात अडकून बसू शकतं. जुळवायच्या आट्यांमध्ये चिखल आणि खारा दमट वारा बसतो आणि लॉक रिंग पुढच्या उन्हाळ्यात हलत नाही. जून लागण्याआधी आट्या ब्रशने साफ करून अँटी-सीझ (आट्या अडकू न देणारं वंगण) लावा आणि वर सायकलची जुनी ट्यूब कापून मोज्यासारखी चढवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. दोन्ही ठिकाणी आधी विचारून घ्या. शर्यत आणि वेगचाचणी नेहमीच्या विम्यात धरलेली नसते, हेही ट्रॅकला निघण्याआधी माहीत असू द्या.

गेल्या फेरीत टायची दोनदा नोंद घेतली. पुण्याहून कोइमतूरला पोहोचल्यावर टाय ५३ मिमीवर होता, म्हणजे वाटेत कुठेतरी स्टॉपर ५ मिमी दबला. बहुधा हुबळीच्या अलीकडे रात्री न दिसलेला तो एक खड्डा. पिटमध्ये टाय परत खाली टेकवला, नॉब ९ वर घेतला आणि वीस-वीस मिनिटांची चार सेशन केली. संध्याकाळी मोजलं तेव्हा डावीकडे ३७ मिमी, उजवीकडे ३१. स्टॉपरला अजून ११ मिमी बाकी. त्याच लांब उजव्या वळणात आता पुढचा टायर हळूहळू कुरकुरायला लागतो, मी पाय किंचित उचलते आणि नाक परत आत येतं. चौथं माउंट बसवून ११,००० किलोमीटर झालेत. मागच्या रविवारी बूट वर करून पाहिलं. स्टॉपरच्या तोंडावर धूळ बसली आहे.